अनुभव धागा: झॉम्बीला तुमचा वास आला तेव्हा

रामबागकर
परवा पुण्याहून इंदूरला परत आलो. बारा दिवस घर बंद, त्यात केव्हातरी फ्रीजचा एमसीबी (विजेचा खटका) पडलेला. जिन्यातच बायको म्हणाली, तू हो पुढे, मी बॅगा बघते. फ्रीजरमध्ये मटार, खवा आणि वरच्या मजल्यावरच्या भियानं "आमच्यात जागा नाही, दोन दिवस राहू द्या" म्हणून ठेवलेली दोन किलो रोहू. (आमच्या फ्रीजमध्ये मासळी होती हे आईला माहीत नाही. ती इथं नाही, म्हणून लिहितोय.)

सगळं फेकलं तरी वास जाईना. शेवटी दाराच्या रबराची घडी उलटी केली. आत पिवळट चिकट पाणी, बोटाला तार सुटेल असं. ते जुन्या टूथब्रशनं खरवडताना मला काय आठवावं, तर २०१५ ची होस्टेलची खोली आणि 'सेव्हन डेज टू डाय' हा झॉम्बींचा कॉम्प्युटर गेम.

त्याच्या जुन्या अल्फा (सुरुवातीच्या कच्च्या आवृत्त्या) ज्यांनी खेळल्यात त्यांना सांगायला नको. हरीण मारलं, कच्चं मांस पिशवीत टाकलं की पडद्यावर वासाचं चिन्ह यायचं. मग ते मांस घेऊन घरापर्यंत पोचणं हाच एक खेळ. दर सातव्या रात्रीची झुंड वेगळी, ही रोजची कटकट वेगळी. आमचा रूममेट तर मी चहाला खाली गेलो की माझ्या माउसला हात घालायचा, माझ्या पिशवीत मांस भरून ठेवायचा. मी येऊन निवांत बसतोय तर दारावर धपाधप.

पुढे त्यांनी हा प्रकार काढून टाकला. तेव्हा हायसं वाटलं होतं. आता वाटतं, काढायला नको होता. मांस घ्यायचं की उपाशी झोपायचं, हा सौदा गेला आणि हरीण म्हणजे नुसतं किराणा झालं.

तर लिहा. वासामुळे मेलात का कधी? असला नियम असावा का, की कपाळाला ताप नुसता? खेळातलं लिहा, घरातलं लिहा, काहीही चालेल.

जीरावन_जास्त
मला तो नियम कधीच पटला नाही. झॉम्बी स्वतः सडलेला, अर्धं नाक गळलेलं, आजूबाजूला त्याचेच पन्नास भाऊबंद कुजतायत. त्यात ह्याला माझ्या पिशवीतलं ताजं हरीण बरोबर ओळखू येतं? आमच्याकडे सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला उभं राहून फक्त जिलबीचा वास वेगळा काढून दाखवा, मग बोलू.

कूकर_तीन_शिट्ट्या
मी खेळत नाही, लेक खेळतो. फ्रीजबद्दल लिहिते. सोड्याच्या पाण्यानं पुसून घ्या, मग वाटीत कोळसा ठेवा, वीज बंदच ठेवून दार दोन दिवस उघडं राहू द्या. आणि मागे खाली एक ट्रे असतो पाण्याचा, तो काढला का? कुणीच काढत नाही तो.

रामबागकर
काकू, कुठला ट्रे??

कूकर_तीन_शिट्ट्या
कॉम्प्रेसरच्या वर. बघा आणि मग सांगा.

बर्फात_एकटा
झॉम्बी नाहीत पण 'द लाँग डार्क' ज्यानं खेळलाय त्याला वास म्हणजे काय ते कळतं. कॅनडातलं बर्फाचं रान, तुम्ही एकटे. कच्चं मांस, आतडी, ओलं कातडं जवळ असलं की वासाच्या रेघा वाढत जातात. तीन रेघा झाल्या की लांडग्याला लांबूनच तुमचा पत्ता लागतो.

माझा किस्सा. अख्खं हरीण सोलून निघालो, लोभ. तीन रेघा. मागे लांडगा. मला माहीत होतं की मांसाचा तुकडा खाली टाकला तर तो तिकडे वळतो. पण टाकवेना! अर्धा तास थंडीत बसून कापलेलं. एक किलो वाचवायला गेलो आणि जीव घालवून बसलो. हे पटतं, कारण लांडग्याला नाक आहे. जीरावन भियाचं बरोबर आहे, नियम वाईट नाही, झॉम्बीला चिकटवला तिथं गडबड झाली.

लूपमधे_अडकलेला
ऑफिसातून लिहितोय, मीटिंग चालू आहे, चुका पोटात घाला.

वास "खरा" करायचा तर काय लागतं ते बघा. वारा कुठून येतोय, भिंत मध्ये आहे का, दार उघडं आहे का, किती वेळापूर्वी तू तिथून गेलास, पाऊस पडला का. धूर पसरतो तसं हे सगळं दर थोड्या वेळानं मोजायचं, तेही शेकडो झॉम्बींसाठी. परवडत नाही. मग काय करतात, तर तुझ्याभोवती एक अदृश्य गोळा काढायचा, मांस जास्त तर गोळा मोठा, त्यात जो झॉम्बी आला त्याला तुझा पत्ता. म्हणजे नावाला वास, आत आवाजाचाच हिशेब. भिंतीतून पण "वास" येतो तो ह्यामुळे.

आणि एवढं करून वारा घातलाच, तर खेळणाऱ्याला तो कळणार कसा? चेहऱ्याला लागत नाही. 'कॉल ऑफ द वाइल्ड' नावाच्या शिकारीच्या खेळात वाऱ्याची दिशा पडद्यावर दाखवतात, वाऱ्याच्या अंगानं गेलं की हरीण उधळतं. तिथं चालतं, कारण तिथं तासभर गवतात पडून राहायलाच लोक येतात. मागे चाळीस झॉम्बी लागले असताना वाऱ्याचा बाण कोण बघणार.

मॅनेजरनं नाव घेतलं, नंतर येतो.

झोंबू_नको
'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' वाले हात वर करा 🙋

त्यात उलटं आहे आणि मला तेच आवडतं. झॉम्बीला दिसतं आणि ऐकू येतं, रक्तानं माखलेला शर्ट घालून हिंडलात तरी त्याला फरक पडत नाही. वासाचा त्रास आपल्यालाच. घराबाहेर मुडदे साठू दिले की माश्या घोंगावतात, त्यांच्यात फार वेळ राहिलं की आपला माणूस आजारी. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा दारात वीस-पंचवीस पाडले, मोठ्या ऐटीत आत जाऊन झोपलो. उठतो तर मळमळ. वाटलं चावला कुठे, सगळं अंग तपासलं. चावला नव्हता. अंगणातले मुडदे उचलले नव्हते, एवढंच.

त्यात जुलै १९९३, केंटकीचा उन्हाळा. पुढे वीज जाते आणि फ्रीजमधलं सडायला लागतं. रामबागकर दादा, तुम्ही तर प्रत्यक्ष खेळून राहिलात.

रामबागकर
एमसीबी पडला तो पण जुलैतच रे 😭

नाक_बंद
खेळ कमी खेळते पण हा धागा सोडवेना.

२०२१ च्या लाटेत माझा वास गेला तो परत पूर्ण आलाच नाही. कॉफी जळल्यासारखी लागते, कांदा काहीच नाही. त्याच वर्षी एक दिवस दूध ठेवलं, ते उतू जाऊन गॅस विझला, नॉब चालूच. मी त्याच स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत होते. नवरा आत आला आणि दारातूनच ओरडला. घरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, मुद्दाम एथिल मरकॅप्टन मिसळतात, लोकांना कळावं म्हणून. लोकांना म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांना.

भाच्यानं तो मांसवाला जुना खेळ दाखवला होता. कोपऱ्यात वासाचं चिन्ह आलं तर तो वैतागला, "हे काय, खरं वाटत नाही, असं डोळ्यापुढे थोडीच येतं." मी म्हटलं, मला दे रे हे चिन्ह. ओट्यावर लाव.

आता गॅसचा अलार्म बसवलाय. भाजी नासली की नाही ते शेजारच्या वहिनी वास घेऊन सांगतात. रोज सकाळी डबा घेऊन जाते त्यांच्याकडे, त्यांना गंमत वाटते.

जीरावन_जास्त
ताई, हे वाचून माझी वरची बडबड मागे घेतो. चिन्ह राहू द्या. झॉम्बीच्या नाकाबद्दल मात्र अजून भांडणार.

कूकर_तीन_शिट्ट्या
नाक_बंद, लवंग, लिंबू, नीलगिरी रोज हुंगायला सांगतात डॉक्टर, करून बघितलंत का? माझ्या जावेला थोडा फरक पडला.

नाक_बंद
केलं ना, चार महिने. लिंबू थोडं आलं परत. लवंग नाही.

पांढरा_कोट_मळका
मेडिकलला पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिननं डोळ्यांतून धारा लागायच्या. दुसऱ्या आठवड्यात आम्ही हात धुऊन तिथूनच थेट पोहे खायला. नाक थकतं, एकच वास सारखा येत राहिला की मेंदू तो दाखवणं बंद करतो. खेळ बनवणाऱ्यांनी हे कधी घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. खरं करायचं तर पहिल्या दिवशी चिन्ह लालभडक आणि पाचव्या दिवशी चिन्हच गायब, वास मात्र तेवढाच. तुम्हाला वाटणार आपण स्वच्छ. झॉम्बीला कळणार काय ते. हा खरेपणा मला चालेल, कारण ह्यात मरायची मजा आहे.

रसायन_सर
सडक्या मांसाच्या वासामागची दोन मुख्य नावं प्युट्रेसीन आणि कॅडाव्हरीन. ब्रीगर नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८८५ मध्ये वेगळी काढली. प्रथिनं कुजताना तयार होतात. म्हणजे मुद्दा असा की ताज्या मांसाला हा वास नसतोच. खेळात ताजं मांस झॉम्बीला ओढतं, हे विज्ञानाच्या दृष्टीनं उफराटं.

जीरावन_जास्त
सर 🙏 हेच मी म्हणून राहिलो होतो, फक्त मार्क तुम्हाला मिळणार.

बायपासवाला
तुम्ही पोरं नवीन. नेमावर रोडनं देवगुराडियाच्या बाजूनं स्कूटरवर गेलाय का पूर्वी? ट्रेंचिंग ग्राउंडच्या (शहराचा कचरा टाकायची जागा) अलीकडे दोन किलोमीटरवर कळायचं. आम्ही तिथं मित्राच्या शेतावर हुरडा खायला जायचो आणि वाऱ्याची दिशा बघून कुठं बसायचं ते ठरवायचो. लूपमधल्या भिया, वारा असा कळतो, बाण लागत नाही.

आता तो कचऱ्याचा डोंगर उपसला. २०२२ पासून तिथं ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात, दिवसाला ५५० टन घेण्याची क्षमता. सिटी बसमध्ये तो गॅस घालतात. परवा नातवाला घेऊन गेलो तर तो म्हणे, आबा, इथं काय होतं? काय सांगणार, नाक मुरडून दाखवलं.

लोभी_लूटमार
'डेझेड' ह्या झॉम्बीच्या खेळात कोंबडी सोलली, हातमोजे नव्हते, हात रक्तानं भरलेले. तसाच बीन्सचा डबा खाल्ला. साल्मोनेला. एकटा झाडाखाली ओकत मेलो, आसपास एकही झॉम्बी नाही. आईनं मागून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हात धुतले नाहीस ना."

सराफ्याचा_भिया
😂😂 आई = सर्वात खरी सिम्युलेशन

बाय द वे, ह्या हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद) खायला कोण कोण? मागच्या वेळी ठरलं आणि तिघंच आले.

झोंबू_नको
मी. जीरावन (वर भुरभुरायचा मसाला) वेगळं आणतो, तिथलं मिळमिळीत असतं.

जीरावन_जास्त
नाव घेतलंत म्हणून आलो. शनिवारी?

रंगपंचमी_रिटर्न
'डाइंग लाइट'मध्ये मेलेल्या झॉम्बीची आतडी अंगाला फासून गर्दीतून चालत जाता येतं, ते कुणी कसं नाही लिहिलं? काही वेळ ते तुम्हाला आपलाच समजतात. भारी वाटतं, पण पळालात, कुणाला मारलंत की सोंग उतरलं. मला हे अजिबात खोटं वाटत नाही. रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमधून (रंगाच्या मिरवणुकीतून) परत आलो तर आमच्या कुत्र्यानं मला घरात घेतलं नाही. तासभर फाटकाशी भुंकत होता. अंघोळ केल्यावर शेपूट हलवत आला, वर काही झालंच नाही असा चेहरा.

लूपमधे_अडकलेला
आलो परत. मीटिंगमध्ये मला "नॉइज कमी करा" म्हणून काम दिलंय, नक्की काय करायचं ते कुणालाच माहीत नाही.

गेरवाल्याची गोष्ट मस्त. आतडीवाला प्रकार जमतो कारण तो थोडाच वेळ असतो आणि आपणहून घेतलेला असतो. कायम पाठीला लागलेला वास लोक बंद करून टाकतात. जिथं सेटिंगमध्ये बटण असतं तिथं मी स्वतः पहिलं तेच बंद करतो, खरं बोलतोय.

चहा_खाली_घेतला
रामबागकर, खोली नंबर १४? खिडकीशी टेबल, माउसला निळा सेलोटेप?

रामबागकर
…तू??

चहा_खाली_घेतला
मांस माझंच असायचं, पोचवायची व्यवस्था तुझी. आणि तू चहाला एकटा जायचास, मला कधी विचारलं नाहीस. त्याचा राग.

रामबागकर
दहा वर्षं झाली, कळलं असतं तर तुला कट चहा आणला असता रे. शनिवारी ये गराडूला. पैसे तू देणार.

कूकर_तीन_शिट्ट्या
ट्रे बघितला का?

रामबागकर
काकू, बघितला. तिथं काय होतं ते लिहित नाही, लोक जेवत असतील. धुतला, सोडा झाला, कोळसा झाला. आता मला तर काहीच वास येत नाही. बायको दोन दिवस बहिणीकडे राहून आज आली, दारातच म्हणते, येतोय अजून.

पांढरा_कोट_मळका
वहिनींचं खरं. तुम्ही दोन दिवस त्यातच बसलायत.

रामबागकर
म्हणजे परत रबर काढायचं?

कूकर_तीन_शिट्ट्या
काढा. ह्या वेळी वरची बाजूपण.