पट्ट्यांमागची खटपट

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या 'फ्रँकनस्टाइन' या गिटारवरचे पट्टे म्हणजे निव्वळ शोबाजी, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. पट्टे दिखाऊ आहेतच, पण त्या गिटारवरचं बाकी सगळं कामाचं आहे. बॉडी सदोष म्हणून स्वस्तात मिळालेली, पिकअप (तारांची कंपनं पकडून अॅम्पकडे पाठवणारा भाग) जुन्या गिब्सन गिटारमधून काढलेला. आवाज वाढवल्यावर शिट्टी मारू नये म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवला. (हा प्रयोग घरी करू नका, जास्त तापलं तर पिकअप कायमचा जातो.) नीट पाहिलंत तर ट्रेमोलोच्या (दांडीने सूर वरखाली करणारा ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग) कडेखाली स्क्रूने ठोकलेलं 1971चं अमेरिकन क्वार्टर नाणं दिसेल. ब्रिजला टेकू म्हणून! नेकजवळचा (गिटारच्या मानेजवळचा) दुसरा पिकअप मात्र जोडलेलाच नाही, बघणाऱ्यांना चकवायला बसवलेला.

रंगाचं तंत्र तर फारच सोपं. आधी काळा, त्यावर मास्किंग टेप, वरून पांढरा, मग टेप ओढून काढली. 1979मध्ये पुन्हा टेप लावून लाल.

नुसती सजावटच बघायची तर बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची 'रॉकी' ही गिटार बघा. 1961ची निळी स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचं इलेक्ट्रिक गिटारचं मॉडेल) त्याने 1967मध्ये झगझगीत रंगांत स्वतः रंगवली, आणि हेडस्टॉकला (मानेच्या टोकाला) बायकोचं चमकीचं नेलपॉलिश फासलं. मला तीच जास्त आवडते.