मलमातलं झिंक ऑक्साइड आणि हवेतलं

एकांनी विचारलंय की झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्त आणि ऑक्सिजनची पांढरी पावडर, मलमात, सनस्क्रीनमध्ये असतं, मग त्याची पोती रिकामी करताना मास्क कशाला? त्वचेपुरतं बरोबर आहे, पण फुप्फुसांचं गणित वेगळं. पोतं उलटं केलं की पांढरा धुरळा उठतो. तो बसल्यासारखा दिसतो तेव्हाही सगळ्यात बारीक कण हवेत तरंगतच असतात, आणि नेमका तेव्हाच मास्क गळ्यात येतो.

खरा घातक प्रकार म्हणजे ताजा धूर. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावर वेल्डिंग केलं की झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर निघतोच. आधी तोंडात गोडसर, धातूसारखी चव, मग काही तासांनी, बहुधा घरी पोचल्यावर, हुडहुडी भरून ताप. एक-दोन दिवसांत उतरतो म्हणून लोक फ्लू समजतात. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. दूध पिऊन तो टळत नाही, कृपा करून त्यावर विसंबू नका. धूर तोंडापाशी येण्याआधीच ओढून घेणारा एक्झॉस्ट हवा.

सांडलेली पावडर झाडूने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, हेपा फिल्टरच्या (अतिबारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने उचला. पाणी मारून गटारात तर मुळीच नको, जलचरांना ती फार विषारी आहे.