'एफसिंक मेलं' म्हणणाऱ्यांनी आधी मेटाडेटाचं काय ते सांगावं

गाठोडं

परवा इथेच एकांनी लिहिलं होतं, "पर्सिस्टंट मेमरी आली तेव्हाच एफसिंक मेलं. फाइल एममॅप करा, लिहा, सीएलडब्ल्यूबी मारा, एसफेन्स मारा, विषय संपला. फाइल सिस्टिमला मध्ये घ्यायचं कारण नाही, आणि ईएडीआर असेल तर फ्लशचंही नाही." खाली धडाधड 'सहमत' पडलेत. (नवख्यांसाठी: पर्सिस्टंट मेमरी म्हणजे लाइट गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी. एफसिंक म्हणजे फाइलमध्ये लिहिलेलं कायमच्या साठ्यावर पोचवायला कर्नलला सांगणारा कॉल. एममॅप म्हणजे फाइल थेट मेमरीसारखी वापरणं. सीएलडब्ल्यूबी ही प्रोसेसरच्या कॅशेतली लाइन मेमरीकडे ढकलणारी, म्हणजे फ्लश करणारी इन्स्ट्रक्शन, आणि एसफेन्स क्रम राखणारी.) तिथेच उत्तर लिहायला बसलो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

फ्लश आणि फेन्स मारला की तुमचे बाइट कॅशेतून निघून मेमरी कंट्रोलरच्या रांगेत जातात, आणि एडीआर ही हार्डवेअरमधली सोय असल्यामुळे लाइट गेली तरी ती रांग मीडियावर उतरते. इथपर्यंत काही वाद नाही. पण ते बाइट कुठल्या फाइलचे आहेत हे प्रोसेसरला माहीत नसतं, ते फाइल सिस्टिमला माहीत असतं. तुम्ही फाइलमधल्या रिकाम्या जागेत पहिल्यांदा लिहिलंत, पेज फॉल्ट आला, ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमने एक ब्लॉक दिला, पण त्या वाटपाची नोंद (हाच मेटाडेटा) अजून जर्नलच्या, म्हणजे बदल आधी टिपायच्या वहीच्या, चालू ट्रान्झॅक्शनमध्येच आहे, कमिट व्हायचीये. तेवढ्यात मशीन पडलं. परत उठल्यावर तुमचा डेटा मीडियावर सुखरूप आहे, फक्त तो ब्लॉक आता तुमच्या फाइलचा नाहीये, बिटमॅपमध्ये मोकळा दिसतोय. फाइल वाचली तर शून्यं. तुमचे सगळे सीएलडब्ल्यूबी बरोबर होते आणि तरीही डेटा गेला!

यासाठीच तर लिनक्समध्ये ४.१५ ला मॅप_सिंक हा एममॅपचा फ्लॅग आणावा लागला. तो फ्लॅग असेल तर लिहिण्यासाठीचा फॉल्ट पूर्ण व्हायच्या आधी कर्नल मेटाडेटा पक्का करून देतो, मग पुढचं फ्लशिंग तुमचं तुम्ही करा. म्हणजे फाइल सिस्टिम मध्ये आहेच, तिने फक्त तिचं काम आधी उरकलं.

आणि ईएडीआरबद्दल. कॅशेसुद्धा पॉवर-फेलच्या संरक्षणात आली म्हणून फ्लश वाचला, ठीक. क्रम गेला नाही, फेन्स गेला नाही, आणि आठ बाइटांच्या पुढे अ‍ॅटॉमिक काहीच नाही. चाळीस बाइटांचं रेकॉर्ड लिहिताना मध्येच लाइट गेली तर अर्धं नवं अर्धं जुनं राहणार, आणि ईएडीआर ते अर्धवट रेकॉर्ड अगदी इमानदारीत जपून ठेवणार. शिवाय तो सगळा कॅशे रिकामा होईपर्यंत पुरेल एवढी साठवलेली वीज त्या मशीनमध्ये असावी लागते, ती सगळीकडे नसते.

---

तिरपा

ती पोस्ट माझी होती, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

मेटाडेटाचा मुद्दा मला माहीत नाही असं समजून तुम्ही लिहिलंय. मॅप_सिंक गृहीतच होतं हो, डॅक्सवर (पेज कॅशे टाळून फाइल थेट पर्सिस्टंट मेमरीतून वापरायची सोय) त्याच्याशिवाय युजरस्पेसमधून फ्लश करणारा कोण आहे? माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे आणि त्याला तुम्ही हातच लावला नाहीत. डॅक्स फाइलवर एफसिंक मारला की कर्नल काय करतो? कुठली पेजेस डर्टी, म्हणजे बदललेली, आहेत ते बघतो आणि त्यांच्या कॅशेलाइनी फ्लश करतो. मॅपिंग दोन एमबीच्या ह्यूज पेजचं असेल तर डर्टीची नोंदही दोन एमबीची. म्हणजे मी ६४ बाइट बदलले आणि कर्नल ३२,७६८ कॅशेलाइनींवरून फिरून आला. मला पक्कं माहीत आहे की एकच लाइन बदललीये, ती मी एका इन्स्ट्रक्शनमध्ये फ्लश करू शकतो. असं असताना सिस्टिम कॉल मारून कर्नलमध्ये जा, लॉक घ्या, डर्टी पेजेसच्या नोंदींचं झाड चाळा, दोन एमबी घासा, हे कशासाठी? डिस्कच्या काळात डिस्कच इतकी संथ होती की त्यात हे सगळं झाकलं जायचं, आता झाकलं जात नाही.

आधी फ्लशनंतर ती रांग मीडियावर उतरवायला पीकमिट नावाची इन्स्ट्रक्शनही लागणार होती, इंटेलने २०१६ मध्ये ती काढून टाकली कारण एडीआर असणं सक्तीचंच केलं. आज फ्लशबद्दल जे बोलताय तेच तेव्हा पीकमिटबद्दल बोलत होते. हार्डवेअर एकेक पायरी काढून घेतंय आणि फाइल सिस्टिमवाले जुनीच पायरी धरून बसलेत.

---

गाठोडं

'गृहीत होतं' हे आत्ता सांगताय. पोस्टमध्ये मॅप_सिंक हा शब्द एकदाही नाही, मी तीनदा वाचली. नवीन मुलं असं वाचून एममॅपला नुसतं मॅप_शेअर्ड (साध्या सामायिक मॅपिंगचा फ्लॅग) देतात. आणि त्यातही गंमत नाही, त्रास आहे: मॅप_शेअर्डबरोबर मॅप_सिंक चिकटवलं तर जुना नियम असा की अनोळखी फ्लॅगकडे कर्नल दुर्लक्ष करतो. कॉल यशस्वी होतो, तुम्हाला वाटतं हमी मिळाली, आणि मिळालेलं काहीच नसतं. म्हणून मॅप_शेअर्ड_व्हॅलिडेट वेगळं काढावं लागलं, ते दिलं तरच डॅक्स नसलेल्या फाइलवर स्पष्ट एरर येतो.

दोन एमबीचं मान्य. ते खरंच वाईट आहे.

---

खडूफळा

माझा अनुभव सांगते कारण वरच्या दोघांच्याही पोस्टमध्ये टेस्टिंग हा शब्द नाहीये.

आमच्याकडे खरं हार्डवेअर यायच्या आधी बूटच्या वेळी मेममॅप पॅरामीटर देऊन साध्या रॅमचाच तुकडा पीमेम (पर्सिस्टंट मेमरी) म्हणून दाखवत होतो. त्यावर लॉग लिहिणारा कोड माझा. प्रोसेसला किल -९ मारायचा, परत चालू करायची, लॉग तपासायचा, असं रात्रभर चालायचं आणि तीन महिने एकदाही फेल नाही. मी टीममध्ये सांगितलं, पक्कं आहे. खरं मशीन आलं, मी प्लग ओढला आणि दुसऱ्याच खेपेला लॉगमध्ये एक रेकॉर्ड सापडलं ज्याचा 'व्हॅलिड' फ्लॅग लागलेला आणि आतला मजकूर जुनाच. मजकूर आणि फ्लॅग दोन वेगळ्या कॅशेलाइनींवर होते आणि मध्ये मी ना फ्लश मारला होता ना फेन्स, दोन्ही शेवटी एकदम. मधल्या काळात फ्लॅगची लाइन कॅशेने आपणहून बाहेर टाकली, मजकुराची आतच राहिली. किल -९ ने प्रोसेस मरते, कॅशे मरत नाही, त्यामुळे त्या तीन महिन्यांच्या टेस्टला काडीचा अर्थ नव्हता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, आठवडाभर झोप नीट लागली नाही.

त्यानंतर पीमेमचेक या विसरलेले फ्लश पकडणाऱ्या टूलखाली चालवल्याशिवाय मी एक ओळ मर्ज करत नाही. तेव्हा तिरपा, 'मला पक्कं माहीत आहे की एकच लाइन बदललीये' हे तुमचं वाक्य वाचून मला भीती वाटते, कारण मलाही पक्कं माहीत होतं.

---

दिवाभीत

तुम्ही फ्लश कुणी मारायचा यावर भांडताय, मला मुळात कर्नलच्या एफसिंकवरच भरवसा राहिलेला नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना जे कळलं ते आठवा. राइटबॅकमध्ये (मेमरीतली पेजेस डिस्कवर लिहिताना) एरर आला, कर्नलने पेज क्लीन म्हणून मार्क केलं, एफसिंकने एरर एकदा सांगितला, पोस्टग्रेसने नंतर परत एफसिंक मारला तर उत्तर 'यशस्वी'. डेटा कुठेच नाही! वीसेक वर्षं सगळे समजत होते की परत मारला की परत प्रयत्न होतो. शेवटी २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी एफसिंक फेल झाला की सर्व्हर पाडायचा आणि लॉगवरून रिकव्हर करायचं असं केलं. एक अख्खा डेटाबेस पाडणं हा ज्या कॉलवरचा उपाय आहे त्या कॉलची बाजू कुणी घेऊ नये.

---

पाटीपेन्सिल

हे नेहमीचं झालंय, चूक अ‍ॅपची आणि शिव्या कर्नलला. २००९ लाही हेच. ईएक्सटी४ चं डिलेड अ‍ॅलोकेशन (ब्लॉक उशिरा वाटायची पद्धत) आलं, क्रॅशनंतर लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या आणि आरडाओरडा. फाइल लिहिली, एफसिंक न मारता रीनेम केली, ईएक्सटी३ वर नशिबाने चालत होतं. पॉझिक्स या मानकाने कधी कबूलच केलं नव्हतं. आणि रीनेमनंतर डिरेक्टरीला एफसिंक किती जण मारतात? मी कोड रिव्ह्यू करतो, दहात एक.

---

दिवाभीत

माझ्या मुद्द्याला हे उत्तर नाही. पोस्टग्रेसने एफसिंक मारला होता, वेळेवर मारला होता, आणि कर्नलने दुसऱ्यांदा खोटं सांगितलं. तुम्ही मध्येच ज्यांनी मारलाच नाही त्यांची गोष्ट काढताय. आणि २००९ चं म्हणाल तर शेवटी फाइल सिस्टिमनेच माघार घेतली ना? लिनक्स २.६.३० मध्ये रीनेमच्या वेळी ब्लॉक वाटून टाकायची सोय केलीच. म्हणजे वापरणाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं.

---

पाटीपेन्सिल

रास्त नव्हतं, संख्या जास्त होती. आणि 'खोटं सांगितलं' हा शब्द मागे घ्या. एरर एकदा सांगितला, तुम्ही तो ऐकून सोडून दिलात. मेलेल्या डिस्कसाठीची डर्टी पेजेस कर्नलने कायम धरून ठेवायची का? कुणी यूएसबी ड्राइव्ह उपटला तर मेमरी कधी मोकळी करायची, ते तुम्ही सांगा. खोटं बघायचं असेल तर मॅककडे बघा, तिथे साधा एफसिंक ड्राइव्हचा कॅशे फ्लशच करत नाही, एफ_फुलएफसिंक वेगळं मागावं लागतं, आणि हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असूनही निम्म्यांना माहीत नाही.

---

दिवाभीत

शब्द मागे घेणार नाही. रात्री अडीचला खराब पेज असलेल्या डेटाबेसपुढे बसून ग्राहकाला 'एरर एकदा सांगितला होता' हे सांगायची वेळ तुमच्यावर आलेली दिसत नाही. माझ्यावर आलीये. एफसिंक दुसऱ्या प्रोसेसने मारला होता, एरर तिला मिळाला, आमच्या प्रोसेसला काहीच नाही. लिनक्स ४.१३ पासून एरर नोंदवायची पद्धत सुधारली, हे कबूल. पण त्याआधीची वर्षं कुणी भरून देणार नाही.

---

पाटीपेन्सिल

दुसऱ्या प्रोसेसने एरर खाल्ला असेल तर ते वाईटच, त्याचं समर्थन करत नाही. बाकी माझं म्हणणं कायम.

---

गाठोडं

दोघांनाही विनंती, डिस्कवरून परत या. कारण पर्सिस्टंट मेमरीत दिवाभीत यांचं दुखणं आणखी वाढतं. तिथे खराब जागा वाचताना थेट सिगबस (एरवी प्रोसेस मारणारा सिग्नल) येतो, आणि लिहिताना तर बहुतेक वेळा कळतही नाही. फ्लश इन्स्ट्रक्शनला रिटर्न व्हॅल्यू नसते. एफसिंक निदान एकदा तरी सांगतो, सीएलडब्ल्यूबी एकदाही सांगत नाही.

---

मधलाच

ऑप्टेन, म्हणजे इंटेलची पर्सिस्टंट मेमरी, इंटेलने जुलै २०२२ मध्ये गुंडाळलं. हा वाद आता कोणासाठी चाललाय?

---

खडूफळा

ऑप्टेन गेलं, प्रश्न राहिला. एनव्हीडीआयएमएम-एन आहेत, रॅम आणि फ्लॅश एकाच काडीवर, लाइट गेली की कपॅसिटरच्या जोरावर रॅममधलं फ्लॅशमध्ये उतरवतात, तिथेही कॅशेतून बाहेर काढायचं काम तेच. सीएक्सएल २.० या जोडणीच्या मानकात ग्लोबल पर्सिस्टंट फ्लश आहे. आणि ऑप्टेनवर चालणारी मशीनं अजून चालू आहेत, त्यातलं एक माझ्या जबाबदारीत आहे.

---

तिरपा

पोस्टमध्ये मॅप_सिंक लिहायला हवं होतं, बरं. आज दुरुस्त करतो. 'एफसिंक मेलं' हे शीर्षक मात्र बदलणार नाही, ज्या कामासाठी मी म्हणतोय तिथे ते मेलंच आहे. आणि ते रिटर्न व्हॅल्यूचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, त्यावर आत्ता तरी माझ्याकडे उत्तर नाही.

पण मॅप_सिंकची एवढी भलामण करताय तर हेही सांगा. त्याच्यामुळे माझ्याकडे लेटन्सी मध्येच उसळते. फॅलोकेटने पूर्ण फाइल आधीच घेऊन ठेवलीये, तरी नव्या भागात पहिल्यांदा लिहिलं की थांबतं.

---

खडूफळा

फॅलोकेटने ब्लॉक मिळतात, पण एक्स्टेंट (सलग ब्लॉकांचे पट्टे) 'अनरिटन' म्हणून राहतात. पहिल्या राइट फॉल्टला ते 'रिटन' करावे लागतात, तो मेटाडेटातला बदल, आणि मॅप_सिंक असल्यामुळे फॉल्टच्या आतच जर्नल कमिट होईपर्यंत थांबावं लागतं. फाइल बनवतानाच पूर्ण लांबी शून्यांनी खरोखर लिहून काढा, एकदा एफसिंक मारा, मग एममॅप करून प्रत्येक पेजला एकदा लिहून घ्या. त्यानंतर काम सुरू करा. आमच्याकडे उसळी त्यानेच गेली.

---

तिरपा

म्हणजे एकदा तरी एफसिंक मारायचाच. बघतो करून.