मदत हवी आहे: दोन पी लहरींमागे एकच क्यूआरएस, अडथळा एव्ही नोडमध्ये की त्याच्या खाली?

शरीरक्रिया_वर्ग: जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) मुलींना एसए नोड (लहर सुरू होते ती जागा), एव्ही नोड (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला दुवा), हिस बंडल, पर्किंजे (खालच्या कप्प्यांतले वहनतंतू) हा हृदयातल्या विद्युत लहरीचा क्रम तोंडपाठ असतो. पण ईसीजीवर २:१ ब्लॉक आला, म्हणजे अलिंदांच्या (वरच्या कप्प्यांच्या) दोन पी लहरींमागे निलयांचा (खालच्या कप्प्यांचा) एकच क्यूआरएस दिसला, की घोडं अडतं. अडथळा कुठे आहे हे कसं ओळखायला शिकवावं? आणि एव्ही नोड मुळात एवढा संथ का?

वहनमार्ग: अलिंदाच्या स्नायूत लहर सेकंदाला अर्धा ते एक मीटर धावते, एव्ही नोडमध्ये जेमतेम ०.०५ मीटर. तिथल्या पेशी बारीक, आपसातले जोड कमी, शिवाय त्या सोडियमऐवजी संथ कॅल्शियम प्रवाहावर चालतात. (डिल्टियाझेम, व्हेरापामिल या कॅल्शियम रोखणाऱ्या औषधांनी पीआर, म्हणजे पी च्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचा वेळ, लांबतो तो यामुळेच.) त्या ०.१ सेकंदाच्या उसंतीत अलिंदं उरलेलं रक्त निलयांत ढकलतात. पर्किंजेत मात्र वेग २ ते ४ मीटर, म्हणून दोन्ही निलयं जवळपास एकदमच आवळतात.

पट्टीवाचक: लीड २ (ईसीजीतली एक नोंद) ची लांब पट्टी काढा, वेग सेकंदाला २५ मिमी. एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, पीआर ३ ते ५ चौकोन असावा. निव्वळ २:१ मध्ये लागोपाठचे दोन पीआर मिळतच नाहीत, त्यामुळे ३:२ (तीन पी, दोन क्यूआरएस) झालेला तुकडा शोधा. पीआर वाढत जाऊन ठोका गळला तर वेंकेबाख, बहुधा नोडमधला. पीआर तसाच राहून ठोका अचानक गळला तर मोबिट्झ २, म्हणजे अडथळा खाली. क्यूआरएस ३ चौकोन किंवा जास्त रुंद असेल तर संशय आणखी बळावतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती टी लहरीत (क्यूआरएसनंतरच्या लहरीत) लपलेल्या पी मुळे. ठोके ४० दिसतात आणि 'सायनस ब्रॅडीकार्डिया' (एसए नोडचीच गती मंद) लिहून मोकळे होतात. दोन पी मधलं अंतर मोजून बरोबर मध्यावर पाहा. तिथे टी ला खाच किंवा उंचवटा असेल तर ती दडलेली पी. ती मध्याच्या आधीच आली तर अलिंदाचा अवेळी ठोका अडलेला असू शकतो. तो एव्ही ब्लॉक नव्हे.

शरीरक्रिया_वर्ग: आणि अ‍ॅट्रोपिन (ठोक्यांची गती वाढवणारं औषध) दिल्यावर?

वहनमार्ग: नोडमधला अडथळा सहसा सुधारतो. खालचा बिघडू शकतो: एसए नोडचा वेग वाढतो, एव्ही नोड जास्त लहरी सोडतो, पण हिस-पर्किंजेला अ‍ॅट्रोपिनचा फायदा जवळजवळ नाही. मग २:१ चं ३:१ होतं. मोबिट्झ २ मध्ये पेसिंगचे (बाहेरून विद्युत ठोके देणारे) पॅड आधी लावून ठेवायला शिकवा. पूर्ण ब्लॉक झाला तर निलयाची स्वतःची गती मिनिटाला २० ते ४० च, आणि तिचा भरवसा नसतो.