क्रॅम्प्सचा पहिला अल्बम: बेस नसताना तळ कसा भरायचा?

रात्रपाळी:
'द क्रॅम्प्स' या अमेरिकन रॉक बँडचा 'साँग्ज द लॉर्ड टॉट अस' (१९८०) समोर ठेवून आमच्या गाण्याचा डेमो करतोय. मांडणी तीच: दोन गिटार, ड्रम्स, गायक; बेस नाही. तळ (खालचे सूर) पोकळ वाटतो आणि स्लॅपबॅक (आवाजाचा एकच झटपट प्रतिध्वनी) लावला की सगळ्याचा चिखल होतो. डिले (प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ) ३०० मिलिसेकंद, फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येणं) ३०%, फझ (आवाज फाडणारा इफेक्ट) दोन्ही गिटारांना. मेम्फिसच्या सन स्टुडिओतला तो आवाज प्लगइनमधून (कॉम्प्युटरवरच्या इफेक्टमधून) कसा काढायचा?

तारयंत्र:
आधी एक दुरुस्ती. हा अल्बम मेम्फिसचाच, पण सन स्टुडिओतला नाही. सनच्याच सॅम फिलिप्सने १९६० मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवर नवा स्टुडिओ उघडला, तिथला. निर्माता अ‍ॅलेक्स चिल्टन. स्लॅपबॅकची जात मात्र सनचीच.

३०० फारच झाले. टेप मशीनच्या रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमध्ये साधारण २ इंच अंतर धरा. टेप सेकंदाला १५ इंच धावली की आवाज १३३ मिलिसेकंदांनी परत येतो, तोही एकदाच. म्हणून डिले १२० ते १४०, फीडबॅक शून्य, मिक्स (प्रतिध्वनीचं प्रमाण) २५%. परत येणाऱ्या आवाजातलं साडेतीन किलोहर्ट्झच्या वरचं कापा, नाहीतर पिकचा 'टक' दोनदा ऐकू येतो. टेम्पो सिंक (डिले गाण्याच्या लयीला बांधणं) बंद ठेवा. १७० बीपीएमला (मिनिटाला १७० ठोके) आठवा भाग, म्हणजे अर्धा ठोका, १७६ मिलिसेकंदांचा, सोळावा ८८ चा. १३० मध्येच कुठेतरी पडतो आणि तीच अडखळ हवी आहे. पिंगपाँग-बिंगपाँग (डावी-उजवीकडे उड्या मारणारा डिले) नको, मोनो.

भुताटकी७८:
फझ एकालाच. क्रॅम्प्सच्या दोन गिटारवादकांतही फझची घरघर ब्रायन ग्रेगरीची, पॉयझन आयव्हीची गिटार त्यामानाने सुटी, ट्वँगवाली. फझवाल्याने पूर्ण कॉर्ड वाजवू नये. त्यातला तिसरा सूर फझमध्ये गुरगुरतो. सर्वात जाड दोन तारांवर मूळ सूर आणि पाचवा, बस्स. पिकअप नेकचा (गिटारच्या मानेकडचा), तारा ११ च्या सेटच्या (सर्वात बारीक तार ०.०११ इंचाची). दुसऱ्या गिटारचं २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका.

गिटारची सुटी सहावी तार ८२ हर्ट्झची. त्याखाली किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा ड्रम) यांच्याशिवाय कुणीच नाही, त्यामुळे किकला ६०-७० हर्ट्झवर ३ डीबी द्या आणि क्रॅश झांज जवळजवळ विसरा. त्यांचा ड्रमर निक नॉक्स किती कमी वाजवतो ते याच अल्बमच्या 'गार्बेजमॅन'मध्ये ऐका.

बाय द वे, तुमचा फझ डिलेच्या आधी आहे की नंतर?

रात्रपाळी:
नंतर!

भुताटकी७८:
मग चिखल तिथलाच. मूळ सूर आणि त्याचा प्रतिध्वनी एकाच वेळी फझमध्ये घुसतात आणि एकमेकांना चिरडतात. क्रम असा: गिटार, फझ, ट्रेमोलो (आवाज थरथरवणारा), डिले, शेवटी स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगने दिलेली घुमार). जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला फझ असेल तर त्याच्या आधी बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) नको, आवाज टोचरा होतो.

रात्रपाळी:
क्रम बदलला, निम्मा गाळ गेला. गायकालाही हेच आकडे?

तारयंत्र:
हो, पण वेगळ्या सेंडवर (इफेक्टकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेवर), आणि डिलेच्या आधी डीएसर (स-च चा टोचरेपणा दाबणारा). मराठी शब्दांतले च, छ, स दोनदा टोचतात. कानाला माप हवं असेल तर या अल्बमच्या सीडी आवृत्तीत 'मिस्टरी प्लेन' गाण्याचं मूळ मिक्सही आहे, दोन्ही मिक्स लागोपाठ लावून बघा.