आतड्याचं ऑपरेशन, आदल्या दिवशी ॲन्टिबायोटिक कशाला?

कोथरूडची सून: सासूबाईंच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला. बुधवारी पोट साफ करायची पावडर, वर निओमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या ॲन्टिबायोटिक गोळ्या: दुपारी एक, दोन आणि रात्री अकराला. त्या अडून बसल्यात, "ताप ना खोकला, गोळ्या कशाला? शिरेतून देणारच आहेत की!"

निवृत्त सिस्टर, धनकवडी: अगं, गोळ्या आणि इंजेक्शन, दोन्हींची कामं वेगळी. निओमायसिन रक्तात फारसं उतरतच नाही, आतड्यातच राहून जंतू मारतं. शिरेतलं इंजेक्शन चीर द्यायच्या आधी तासाभरात देतात, ते रक्तातून जखमेपर्यंत पोचतं. नुसत्या पावडरीनं मळ जातो, पण जखमेचा संसर्ग कमी होत नाही. गोळ्या जोडल्या की होतो. 1970 च्या दशकापासूनची पद्धत आहे. किडनीचा त्रास असेल किंवा वॉरफेरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असेल तर सर्जनला आत्ताच सांग.

औंधकर: तोंड कडू-धातूसारखं होतं. बाबांनी अकराची गोळी ओकली होती. तसं झालं तर मनानं दुसरी देऊ नका, वॉर्डला फोन करा.

कोथरूडची सून: वॉरफेरिन चालू आहे! लावते फोन.