यूकेत मास्टर्स: प्री-सेशनल इंग्रजी कोर्स करावा की आयईएलटीएस पुन्हा द्यावी?

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची (लंडनबाहेरच्या) सप्टेंबरच्या एमएस्सीसाठी कंडिशनल ऑफर आहे. अट अशी: आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) एकूण ६.५, आणि कुठलाही भाग ६.० च्या खाली नको. साध्या अ‍ॅकॅडेमिक आयईएलटीएसमध्ये आलेले गुण: लिसनिंग ६.५, रीडिंग ६.०, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६.५. एकूण ६.०.

विद्यापीठ म्हणतंय, जूनच्या शेवटी सुरू होणारा १० आठवड्यांचा प्री-सेशनल (मुख्य कोर्सआधीचा इंग्रजीचा) कोर्स करा, तो पास झालात की पुन्हा आयईएलटीएस नको. फी ५,००० पौंडांच्या घरात. एजंट म्हणतो डोळे झाकून घ्या.

१) एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?
२) व्हिसा एकदाच काढायचा की दोनदा?
३) कोर्समध्ये नक्की शिकवतात काय? आयईएलटीएसचीच तयारी असेल तर ती पुण्यातही होते.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

आंबेमोहर

आधी बेरीज करून बघा. तुमच्या चार गुणांची बेरीज २४.५, सरासरी ६.१२५, म्हणून एकूण ६.०. आयईएलटीएसमध्ये सरासरी ६.२५ झाली की ती वर ढकलून ६.५ धरतात. म्हणजे बेरीज २५ हवी. बाकी तिन्ही गुण तसेच राहून रायटिंग ५.५ चं ६.० झालं, तर एकूणही ६.५ होतं आणि ६.० ची अटही सुटते. तुमचं सगळं घोडं त्या अर्ध्या बँडवर अडलंय. त्याच्यासाठी साडेपाच-सहा लाख आणि वर दहा आठवड्यांचं राहणं-खाणं, की अठरा हजारांच्या आसपासची परीक्षा, हा तुमचा खरा प्रश्न.

परीक्षा होऊन सहा आठवडे उलटले नसतील तर एन्क्वायरी ऑन रिझल्ट्सचाही मार्ग आहे. फक्त रायटिंग पुन्हा तपासायला टाकता येतं, आणि गुण बदलले तर भरलेली फी परत मिळते. रायटिंग माणूस तपासतो, त्यामुळे बदलाची शक्यता तिथे तरी असते. रीडिंग-लिसनिंगची उत्तरं ठरलेली, तिथे पैसे घालू नका.

पुन्हा द्यायची तर लक्षात ठेवा, रायटिंगमध्ये टास्क २ (निबंध) चं वजन टास्क १ (आलेखाचं वर्णन) च्या दुप्पट आहे. बरेच जण आलेखाच्या १५० शब्दांवर अर्धा तास घालवतात आणि निबंध २२० शब्दांवर गुंडाळतात. २० आणि ४० मिनिटांची वाटणी मोडायची नाही. ५.५ वर अडकलेल्यांचं दुसरं दुखणं म्हणजे प्रश्नात दोन भाग असतात आणि उत्तर एकाचंच दिलेलं असतं. तिथे व्याकरण कितीही नेटकं असलं तरी बँड वर जात नाही.

आणि हो, बारावीचे इंग्रजीचे गुण किती? अनेक ब्रिटिश विद्यापीठं महाराष्ट्र बोर्डाचे बारावीचे गुण आयईएलटीएसच्या जागी धरतात. किती टक्के हवेत ते प्रत्येकाचं वेगळं, काही ठिकाणी विभागागणिकही वेगळं. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही. अ‍ॅडमिशन ऑफिसला गुणपत्रिका जोडून थेट मेल करा.

---

फायलीतला_माणूस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

विद्यापीठ एकच असेल, प्री-सेशनल तीन महिन्यांपेक्षा मोठा नसेल आणि तो संपल्यापासून एका महिन्याच्या आत मुख्य कोर्स सुरू होत असेल, तर दोन्ही मिळून एकच कॅस (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेली प्रवेशाची पुष्टी) देता येतो. १० आठवडे यात बसतात. जूनच्या शेवटी सुरू म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला संपणार, आणि एमएस्सी त्याच महिन्यात. एकच कॅस, एकच व्हिसा. १६ किंवा २० आठवड्यांचा कोर्स असता तर आधी फक्त त्याचा व्हिसा, मग तिथे राहून दुसरा कॅस, दुसरा अर्ज, दुसऱ्यांदा फी.

आता जिथे लोक अडकतात ते.

पहिलं म्हणजे आयईएलटीएसचा प्रकार. तुमची साधी अ‍ॅकॅडेमिक आहे. प्री-सेशनलसाठी बहुतेक विद्यापीठं 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' मागतात. पेपर तोच, काठिण्य तेच, पण परीक्षा ब्रिटिश गृहखात्याने मान्य केलेल्या केंद्रावर झालेली असते आणि निकालपत्रावर तसा क्रमांक असतो. चारही भागांत ५.५, म्हणजे युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची बी२ पातळी आधीच असेल आणि कॅस एकच निघणार असेल, तर काही विद्यापीठं साधी चालवून घेतात. तुमचे चारही ५.५ किंवा वर आहेत, म्हणून विचारायला जागा आहे. फोनवर "हो चालेल" म्हणाले यावर जाऊ नका, मेलवर लेखी घ्या. आणि आंबेमोहर म्हणतात तशी परीक्षा पुन्हा देणारच असाल, तर यूकेव्हीआयचीच द्या. थोडी महाग पडते, पण ६.० आलं तर अट पूर्ण, नाही आलं तर तोच कागद प्री-सेशनलला उपयोगी.

दुसरं, आयएचएस, म्हणजे व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायचा तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि उरलेले महिने सहा किंवा कमी असतील तर त्यांचे निम्मे. १२ महिन्यांच्या एमएस्सीला आधीचा साधारण एक आणि नंतरचे चार महिने धरून व्हिसा १७ महिन्यांचा होतो: ७७६ अधिक ३८८, म्हणजे १,१६४. प्री-सेशनल जोडलात की तो १९-२० महिन्यांवर जातो, मग पूर्ण दोन वर्षांचे १,५५२. हे ३८८ पौंड कुठल्याच माहितीपत्रकात 'कोर्सची फी' या सदरात दिसत नाहीत.

तिसरं, पैसे दाखवणं. मुक्काम लांबला तरी राहण्याचा खर्च जास्तीत जास्त ९ महिन्यांचाच दाखवायचा असतो. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड, म्हणजे १०,५३९. लंडनला महिना १,५२९. त्यावर कॅसमध्ये लिहिलेली बाकी फी, आणि त्यात आता प्री-सेशनलचीही आली. खात्यातली रक्कम सलग २८ दिवस त्या आकड्याच्या खाली एक दिवसही जायला नको.

चौथं, व्हिसासाठीची टीबी टेस्ट. जूनमध्ये जायचं तर एप्रिलमध्येच करून टाका, प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेवर जुना डाग दिसला तर थुंकीचं कल्चर लावतात आणि त्याला आठ आठवडे जाऊ शकतात. सप्टेंबरला जाणाऱ्याला तेवढी सवड असते, जूनवाल्याला नसते.

आणि एजंट सांगत नाही ते: कॅस एकच असताना प्री-सेशनल नापास झालात तर विद्यापीठ स्पॉन्सरशिप काढून घेतं, व्हिसा आखडतात आणि परत यावं लागतं. बहुतेक ठिकाणी फेरपरीक्षा नसते, कारण मुख्य कोर्स तोंडावर आलेला असतो.

---

खडूफळा

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण याच बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहे. प्री-सेशनल म्हणजे आयईएलटीएसचा क्लास नव्हे.

आयईएलटीएसमध्ये तुम्ही ४० मिनिटांत स्वतःचं मत लिहिता. त्याला पुरावा लागत नाही; "माझ्या गावात असं दिसतं" एवढंही चालतं. विद्यापीठात मत मागतच नाहीत. चार लेख वाचायचे, ते एकमेकांशी कुठे जुळतात आणि कुठे भांडतात ते दाखवायचं, आणि त्यातून आपलं म्हणणं उभं करायचं. आठवड्याला साधारण १५ ते २० तास वर्ग, आणि तेवढंच किंवा जास्त घरी. शेवटी बहुधा आपल्याच विषयावर १,५०० ते २,००० शब्दांचा संदर्भांसहित निबंध, दहा-पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन, सेमिनारमधली चर्चा आणि एक ऐकण्याची परीक्षा. निबंध एकदम द्यायचा नसतो. आधी आराखडा, मग पहिला मसुदा, त्यावर शिक्षकाच्या सूचना, मग अंतिम. मसुद्यावरच्या सूचना वाचल्याच नाहीत हे अंतिम प्रतीत लगेच कळतं.

आपली मुलं हटकून घसरतात ती पॅराफ्रेजिंगवर, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडण्यावर. मूळ वाक्य असं समजा: "रॅपिड अर्बनायझेशन हॅज पुट प्रेशर ऑन ग्राउंडवॉटर." मुलगा लिहितो: "क्विक अर्बनायझेशन हॅज पुट स्ट्रेस ऑन अंडरग्राउंड वॉटर." तीन शब्द बदलले, सांगाडा तोच. टर्निटिन (नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर) कदाचित सोडेल, शिक्षक सोडत नाही. याला तिथे पॅचरायटिंग म्हणतात आणि ते वाङ्मयचौर्याच्या उंबरठ्यावरचं मानतात. उपाय सोपा आहे आणि आपल्याला तर फारच सोयीचा: परिच्छेद वाचा, लेख बंद करा, आणि मनात मराठीत एका वाक्यात सांगा. "शहरं भराभर वाढली, म्हणून बोअर खोल गेले." आता हे इंग्रजीत लिहा आणि लेखकाचं आडनाव, साल द्या. मराठीतून वळसा घातला की मूळ वाक्याचा सांगाडा आपोआप मोडतो. मग मूळ लेख उघडून अर्थ ताडून घ्या; 'बोअर' लेखात नसतील तर निबंधातही नकोत.

दुसरी गोष्ट ठामपणाची. आपल्याकडे ठाम लिहिणं म्हणजे चांगलं लिहिणं. तिथे "सोशल मीडिया कॉजेस डिप्रेशन" खाली लाल रेघ येते. "मे कॉन्ट्रिब्यूट टू" लिहा, आणि कोणामध्ये, कुठल्या अभ्यासानुसार ते सांगा. हा बुळेपणा नव्हे, पुराव्याला झेपेल एवढंच बोलणं आहे.

व्याकरणात मराठी माणसाचे दोष ठरलेले. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून 'द' एक तर गायब, नाही तर प्रत्येक नामाआधी. "डिस्कस अबाउट" हे 'बद्दल चर्चा करणे'तून आलेलं. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. आणि आणि आणि करत चार ओळींचं वाक्य: मराठीत क्रियापद शेवटी येऊन सगळं बांधून घेतं, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून हवं. कर्ता आणि क्रियापद यांच्यात दहाच्या वर शब्द गेले की वाक्य तोडा.

उच्चारात गोऱ्यांसारखं बोलायची गरज नाही, पण तीन जागा सांभाळा. शब्दाच्या सुरुवातीचा आपला 'प' त्यांना 'ब' ऐकू येतो, कारण ते तिथे किंचित 'फ'कडे झुकणारा श्वास सोडतात. 'पार्क'चं 'बार्क' होतं. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल, 'व्हेस्ट' म्हणजे बंडी म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर. आपला 'व' दोन्हींच्या मधला आहे. आणि शब्दाघात: 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर. प्रेझेंटेशनमध्ये समोरच्याला कळलं नाही तर बहुतेकदा घोटाळा याच तीनपैकी एकाचा असतो, वेगाचा नाही.

निवडताना कोर्स बीएएलईएपीचा मान्यताप्राप्त आहे का ते बघा. विद्यापीठीय इंग्रजी शिकवणाऱ्यांची तिथली ती संस्था आहे. आणि एआयने निबंध लिहून घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. संशय आला की समोर बसवून विचारतात, "हा शब्द इथे का वापरलास?"

---

मुक्काम_पोस्ट_मिरज

खडूफळांना +१.

एक पर्याय राहिला: ऑनलाइन प्री-सेशनल. कोर्स भारतातून होत असल्याने त्यापुरता व्हिसा लागत नाही, आणि म्हणून अनेक विद्यापीठं त्याला साधी आयईएलटीएस चालवतात. तिथले दहा आठवड्यांचं भाडं वाचतं, आयएचएसही १,१६४ वर राहतं, आणि नापास झालात तरी घरीच असता. उन्हाळ्यात त्यांच्यापेक्षा आपलं घड्याळ साडेचार तास पुढे, म्हणजे तिकडचा दुपारी एकचा वर्ग आपल्याकडे साडेपाचला.

गोम शेवटी आहे. निकाल लागल्यावरच मुख्य कोर्सचा कॅस येतो, आणि मग हाताशी तीन-चार आठवडे. साध्या व्हिसाच्या निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. ५०० पौंडांची प्रायॉरिटी सेवा बजेटमध्ये आधीच घाला, म्हणजे निर्णय पाच कामाच्या दिवसांत येतो. टीबी आणि पैशाचे कागद कॅसची वाट न बघता तयार ठेवा.

---

शेवटचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. बारावीला इंग्रजीत ६४ आहेत, विद्यापीठाला मेल टाकतो, पण फार आशा नाही. दोन उपप्रश्न: बँकेचं कर्ज फक्त एमएस्सीच्या फीवर मंजूर झालंय, ते चालेल का? आणि जुलै-ऑगस्टला तिकडे सुट्टी असते, तेव्हा पूर्णवेळ काम करता येईल का?

---

फायलीतला_माणूस

कर्ज: कॅसवर प्री-सेशनलची फी आली की दाखवायची एकूण रक्कम वाढते, आणि जुनं मंजुरीपत्र तेवढ्यानेच कमी पडतं. नवीन ऑफर लेटर नेऊन रक्कम वाढवून घ्या किंवा फरक स्वतःच्या नाहीतर आईवडिलांच्या खात्यात २८ दिवस ठेवा. कर्जाच्या रकमेला २८ दिवसांची अट नाही, पण पत्र अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं हवं, आणि कर्ज तुमच्या नावावर, शैक्षणिक असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. शाखेतून सुधारित पत्र यायला पंधरवडा सहज जातो.

काम: नाही. प्री-सेशनल चालू असेपर्यंत तुमची टर्म चालू आहे, बाकी कॅम्पस भले सुट्टीवर असो. व्हिसावर लिहिलेली आठवड्याची तासांची मर्यादा तेव्हाही लागू.

---

आंबेमोहर

६४ असले तरी मेल टाकाच. आणि आजच यूकेव्हीआयची एप्रिलमधली तारीख घ्या, कॉम्प्युटरवरची. निकाल साधारण पाच दिवसांच्या आत येतो. प्री-सेशनलच्या अर्जाची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी मे महिन्यात असते. त्याआधी निकाल हातात असेल तर ५,००० पौंड भरायचे की नाही ते तेव्हा ठरवता येईल. तोपर्यंत एजंटला डिपॉझिट देऊ नका.